नुसता थोरला

सई, नील,

रविवारी व्हिडिओ कॉलवर तुम्ही दोघांनी मला एकच प्रश्न विचारलात, पण दोन वेगळ्या खोल्यांतून. विज्ञान मेळ्यासाठी दोघांनी मिळून बाल्सा लाकडाचा पूल केला, तो वजन ठेवल्याबरोबर मोडला, तर गोंद कुठला वापरायला हवा होता? सईच्या मते नीलचा पांढरा गोंद कुचकामी. नीलच्या मते सईचा झटपट चिकटणारा गोंद कुचकामी. बाबाने खालच्या आवाजात सांगितलं की चार दिवस तुमचा अबोला आहे आणि मीठसुद्धा त्याच्यामार्फत मागितलं जातं.

उत्तर मला एका ओळीत देता आलं असतं. पण ते मी ज्यांच्याकडून शिकले त्यांना एका ओळीत बसवता येत नाही, म्हणून हे पत्र. बाबाला मोठ्याने वाचून दाखवायला सांगा. ऐकताना दोघांनी एकाच खोलीत बसा, बाबाचा आवाज दोन खोल्यांना पुरणारा नाही.

आमच्या दादरच्या इमारतीत बरोबर आमच्या डोक्यावर, तिसऱ्या मजल्यावर ते राहत. सगळे त्यांना गोंदकाका म्हणत. हे नाव तुमच्या आजोबांनी ठेवलं आणि नंतर आपण ठेवलंच नाही असं सांगत राहिले. काका मूळचे लालबागच्या चाळीतले, गाव मालवणकडचं. एका गिरणीच्या ड्रॉइंग ऑफिसात त्यांनी यंत्रांचे नकाशे काढले. गिरणी बंद झाल्यावर इथे तिथे नोकऱ्या केल्या, आणि निवृत्त झाल्यावर बाल्साची विमानं करायला घेतली. लग्न केलं नव्हतं. आजोबांनी एकदा कारण विचारलं, तर म्हणाले, "दोनदा ठरलं होतं. दोन्ही वेळा वाळायच्या आत हलवलं."

हे असं त्यांचं बोलणं. जगातल्या कुठल्याही गोष्टीला कुठला गोंद लागेल हे ते आधी बघत. त्यासाठी त्यांचे तीन प्रश्न ठरलेले होते: घाई किती? नंतर घासायचंय का? परत उघडायचंय का? हे प्रश्न विमानाच्या पंखाला लागू होतेच, पण सोसायटीच्या सूचनाफलकालाही लागू होत आणि माणसांनाही. तुमच्या आईबाबांच्या लग्नात काका स्टेजवर गेले, पाकीट दिलं आणि बाबाला विचारलं, "घाई किती होती?" बाबा गोंधळला. तुमची आई, जिने त्यांना तोवर दोनदाच पाहिलं होतं, शांतपणे म्हणाली, "काका, परत उघडायचं नाहीये." त्या दिवसापासून ती त्यांची लाडकी झाली. बाबाच्या बाबतीत मात्र ते अजूनही साशंक आहेत.

बाल्साविषयी ते फार जिव्हाळ्याने बोलत. "बाई, लाकूड असून लाकडाचा कसलाही अहंकार नाही. नख लावा, खूण पडते. गोंद द्या, टीपकागदासारखं पिऊन टाकतं. म्हणून पहिला हात नुसता पाजायचा आणि वाळू द्यायचा. दुसऱ्या हाताने जोडायचं. पहिला हात लाकडाचा, दुसरा आपला." मला ते बाई म्हणत, कारण मी शाळेत शिकवत असे. मी इंग्रजी शिकवत होते हे त्यांनी कधी मनावर घेतलं नाही. बाई म्हणजे बाई.

त्यांच्या घरी सोनाराकडे असतो तसा छोटा काटा होता. त्यावर ते पंख तोलत, मग गोंद लावून, वाळवून पुन्हा तोलत, आणि फरक पंखावरच पेन्सिलीने लिहीत. गोंद जास्त झाला की विमान जड होतं, हे मला पटत होतं. पण आमच्याकडे चहाला आल्यावर ते बिस्किटही आधी तळहातावर तोलत, तेव्हा मला राग येई. मी बिस्किटं मोजून ठेवत नाही. बशीत व्यवस्थित मांडते, एवढंच.

सोसायटीच्या एका वार्षिक सभेची गोष्ट तर अजून सांगितली जाते. सभेला यायच्या आधी काका काम करत होते, आणि त्यांच्या उजव्या तर्जनीला विमानाची एक बरगडी चिकटली. बरगडी म्हणजे पंखाच्या आतली पातळ पट्टी. ती मोडू नये म्हणून ते हात वर धरूनच सभेला आले आणि हात वर धरूनच बसले. सेक्रेटरींनी प्रत्येक ठरावाला त्यांचं मत अनुकूल धरलं. त्यात एक ठराव असा होता की तिसऱ्या मजल्यावरच्या सभासदाने उग्र वासाचे पदार्थ जिन्यात वाळत ठेवू नयेत. तोही एकमताने मंजूर झाला. काका घरी जाताना म्हणाले, "बरगडी वाचली ना. ठराव काय, पुढच्या वर्षी घासून काढू."

आता त्यांच्या बाटल्यांकडे येते, कारण सगळं त्यांच्यावरच आलं.

गोंदांना कंपनीची नावं असतात, ती काकांना मान्य नव्हती. वेष्टण काढून ते स्वतःच्या अक्षरात चिठ्ठी लावत. नकाशावर असतं तसं सरळ, ठळक अक्षर. झटपट चिकटणाऱ्या गोंदाचं नाव होतं 'जावई'. "एका थेंबात नातं जोडतो, पण जरा धक्का लागला की तटकन सुटतो. आणि वास डोळ्यांना लागतो." नळीत मिळणारा उग्र वासाचा गोंद, ज्याला सिमेंट म्हणतात, त्याचं नाव 'विहीणबाई', कारण ते वाळताना आक्रसतं आणि सगळा सांगाडा आपल्या बाजूला ओढून वाकडा करतं. आणि पांढऱ्या गोंदाचं नाव होतं 'शेजारीण'.

"ही कोण शेजारीण?" मी विचारलं.

"सावकाश धरते, पण सोडत नाही," ते म्हणाले. "घासायला मात्र जड जाते."

इमारतीत त्यांना शेजारीण एकच होती. मी बिस्किटांची बशी उचलून आत नेली.

बाटल्यांच्या फळीच्या टोकाला दोन नळ्या होत्या, रबरबँडने एकत्र बांधलेल्या. एकीवर लिहिलं होतं 'थोरला', दुसरीवर 'धाकटा'. त्यांची झाकणं कधी उघडलेली दिसली नाहीत. मी विचारलं तेव्हा काका म्हणाले, "ते राहू द्या." आणि खिडकी उघडायला गेले. खिडकी उघडीच होती.

त्यांना एक थोरला भाऊ आहे, लालबागच्या जुन्या खोलीत राहतो आणि दोघं बोलत नाहीत, एवढं मला माहीत होतं. कारण मात्र तुकड्यातुकड्याने कळलं. ऐकून मी हसले होते. आता तुम्हालाही सांगते, हसलात तरी चालेल.

दादा, म्हणजे त्यांचा थोरला भाऊ, सुतार. जुन्या पद्धतीचे सुतार सरस वापरतात. सरस म्हणजे जनावराच्या कातड्याहाडांपासून केलेला गोंद. त्याच्या वड्या पाण्यात भिजवून, डब्यात गरम करून लावतात. तो लावलेला जोड कधी उघडायचा झाला तर गरम पाण्याने सुटतो. त्यांच्या घरच्या गणपतीचं मखर दरवर्षी दादा करत, पण देवाच्या कामाला सरस चालत नाही म्हणून खिळ्यांवर भागवत. एका वर्षी काका म्हणाले, यंदा मखर मी करतो, बाल्साचं, एकही खिळा नाही. केलं. सगळी चाळ बघायला आली, असं काका सांगत. दुसऱ्या दिवशी आरती रंगात आली, झांजा वाजल्या, टाळ्या वाजल्या, आणि 'जावया'ने जोडलेला घुमट अलगद निखळून प्रसादाच्या ताटात येऊन बसला. मूर्तीला काही झालं नाही. आणि दादा सगळ्यांदेखत म्हणाले, "शेवटी सरस तो सरस."

सई, मराठीत सरस म्हणजे गोंदही आणि सरस म्हणजे जास्त चांगलाही. दादांनी नक्की कुठला सरस म्हटला यावर काकांनी नऊ वर्षं विचार केला. त्या दिवशी ते जेवायला थांबले नाहीत, आणि पुन्हा त्या घरी गेले नाहीत. दादरहून लालबाग टॅक्सीने पंधरा मिनिटं.

आता त्यांचं इथलं शेवटचं विमान. त्याला इंजिन नव्हतं, हाताने सोडायचं, लांब पंखांचं. तीन वर्षं ते त्यावर काम करत होते. लहानपणी चाळीच्या गच्चीवरून दोघा भावांनी खोक्याच्या पुठ्ठ्याचं जे उडवलं होतं त्याच घडणीचं, मापाने दुप्पट. कोणासाठी, हे ते सांगत नव्हते. पण पंखाच्या आतल्या बाजूला पेन्सिलीने 'दादा ७५' लिहिलेलं मी वाचलं होतं, आणि मी वाचल्याचं त्यांना कळलं होतं.

"रविवारी त्याची पंच्याहत्तरी आहे," ते एकदाचे म्हणाले. "सकाळी मैदानावर उडवतो. तीस सेकंद हवेत राहिलं तर तसाच घेऊन लालबागला जातो. नाही राहिलं, तर नाही जात."

"आणि एकोणतीस राहिलं तर?"

"बाई, तुमच्या घड्याळावर माझा विश्वास आहे. तुम्ही वेळ घ्यायला या."

मी कबूल केलं. मनात ठरवलंही, की एकोणतीस झाले तर माझं घड्याळ तीस दाखवील. मी आयुष्यात कोणाला एक मार्क फुकट दिलेला नाही, पण तिथे दिला असता.

शनिवारी काका शीवला डोळे तपासायला गेले. प्लंबर येणार होता म्हणून किल्ली माझ्याकडे. प्लंबर आला, काम करून गेला. मी तेव्हाच खाली यायला हवं होतं. पण तुम्हाला आजी माहीत आहे. टेबलावर भुशाचा थर, खुर्चीवर भुसा, फळीवर भुसा. उद्या माणूस नऊ वर्षांनी भावाकडे जाणार आणि घर असं? मी फडकं घेतलं. टेबल झालं, फळी झाली. विमान खिडकीपाशी दोन उश्यांवर ठेवलं होतं. त्याच्या पंखाखाली भुसा होता. मी फक्त पंख जरासा उचलला.

आवाज अगदी लहान झाला. पापड मोडल्यासारखा. डावा पंख धडापासून सुटून माझ्या हातात आला, आणि 'दादा ७५' ही अक्षरं माझ्याकडे बघत राहिली.

मी पळून गेले नाही, हे लिहून ठेवते. मी फळीपाशी गेले. 'जावई' उचलला आणि मखराची आठवण येऊन खाली ठेवला. 'विहीणबाई' नको. 'शेजारीण' सावकाश धरते, आणि वेळ कुठे होता? राहिल्या दोन नळ्या. मी व्यवस्थित विचार केला. थोरला म्हणजे मोठ्या कामाचा आणि धाकटा म्हणजे बारीकसारीक कामाचा, हे उघडच होतं. पंख मोडणं हे मोठं काम. मी रबरबँड काढला, थोरल्याचं झाकण फोडलं, दोन्ही कडांना नीट लावलं, जास्तीचं पुसलं, टाचण्या टोचून पंख बसवला. मग नळ्या पुन्हा रबरबँडमध्ये घातल्या. बघणाऱ्याला काही कळलं नसतं. काका डोळ्यांत औषध घालून आले होते, त्यांना त्या दिवशी समोरचा जिनासुद्धा धूसर दिसत होता.

सांगायला मी तीनदा वर गेले. एकदा साखर मागून आले, एकदा किल्ली देऊन आले, एकदा नुसतीच आले.

रविवारी सकाळी मैदानावर क्रिकेटवाले यायच्या आधी आम्ही पोचलो. काकांनी इस्त्रीचा सदरा घातला होता. खोक्यातून विमान काढलं, टाचण्या दिसल्या तेव्हा क्षणभर थांबले, आणि मला वाटलं आता विचारतील. पण त्यांनी त्या आपल्याच असतील असं समजून काढून खिशात टाकल्या. वाऱ्याकडे तोंड केलं.

"घड्याळ?"

"काका, थांबा," मी म्हणाले. "मला एक सांगायचंय."

"उडाल्यावर सांगा," ते म्हणाले आणि त्यांनी विमान सोडलं.

किती सुरेख गेलं ते. एक, दोन, तीन. चौथ्या सेकंदाला डावा पंख मागे राहिला. विमान एका बाजूला कलंडत गवतात गेलं आणि पंख पानासारखा गिरक्या घेत नंतर खाली आला. मी घड्याळाकडे बघत राहिले, कारण त्यांच्याकडे बघवत नव्हतं.

ते गेले, दोन्ही तुकडे उचलून आणले. सुटलेल्या जागी बोट लावलं. बोटाला तार आली, मधासारखी. वास घेतला.

"बाई, कुठला लावलात?"

मी सगळं सांगितलं. भुसा, फडकं, पापडाचा आवाज. "थोरला लावला," मी म्हणाले.

"आणि धाकटा?"

"मोठं काम होतं ना. म्हणून नुसता थोरला."

"नुसता थोरला?" काकांचा आवाज चढला. "अहो, तो दोन नळ्यांचा गोंद आहे! दोघं सारखे घेऊन एकत्र कालवायचे, तेव्हा पाच मिनिटांत दगड होतो. नुसता थोरला लावला तर जन्मभर ओला राहील! वर्षानुवर्षं! धाकट्याने जाऊन मिसळल्याशिवाय तो..."

आणि ते थांबले.

ते बोटाला आलेली तार अंगठ्याने तोडायला बघत होते आणि ती तुटत नव्हती.

"किती झाले?" त्यांनी विचारलं.

"चार." घड्याळ मला खोटं बोलू देईना.

"चार," ते म्हणाले. मग तुकडे खोक्यात ठेवले, खोकं माझ्या हातात दिलं. "धरा. मोडलंत तुम्ही, तर उचलायलाही तुम्हीच चला. आधी घरून नळ्या घेऊ, मग टॅक्सी."

लालबागची ती खोली दुसऱ्या मजल्यावर. दार उघडंच होतं. आत एक वयस्क गृहस्थ स्टुलाचा पाय तासत बसले होते, पंच्याहत्तरीच्या दिवशी. त्यांनी मान वर केली. धाकट्याला बघितलं, मग मला, मग खोक्याला.

"इलंस?" त्यांनी विचारलं. आलास का, असं. जणू धाकटा खाली दूध आणायला गेला होता.

"इलंय," काका म्हणाले.

"ह्यां काय? मोडून हाडलंस?" मोडून आणलंस, असं.

"बाईंनी मोडलं."

इतक्या वर्षांनी पहिलं वाक्य काय तर माझी तक्रार. दादांनी पंख हातात घेतला, उलटा केला. आतलं 'दादा ७५' त्यांनी वाचलं की नाही मला कळलं नाही, कारण चष्मा त्यांच्या कपाळावर होता. पण अंगठा त्या अक्षरांवर बराच वेळ राहिला. मग सुटलेली कड नाकाशी नेली.

"कसलो चिकट लावलास हो?"

काकांनी खिशातून दोन्ही नळ्या काढून त्यांच्यासमोर ठेवल्या. दादांनी चष्मा खाली ओढला. 'थोरला' वाचलं. 'धाकटा' वाचलं. रबरबँड काढला, दोन्ही नळ्या दोन हातांत धरल्या आणि पुन्हा शेजारी शेजारी ठेवल्या. मी भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत होते. ते मागच्या महिन्याचं होतं, पण मी पान उलटलं नाही. माझं आदल्या दिवशीच पुरेसं आवरून झालं होतं.

"नऊ वर्षांत हेच शिकलंस?" दादा शेवटी म्हणाले. "दोन दोन नळये? सरसाची एक वडी भिजवली असती तर..."

"सरस बाल्साला? वजन किती होईल, माहीत आहे?"

"वजन! मखराचा वजन केलेलंस मां? ताटात पडला ता!"

"झांजा वाजवत होतात तुम्ही सगळे कानाशी! जोड हादरला!"

"गप रव. बाईंका चाय दी आधी."

मला चहा मिळाला. तो पिईपर्यंत भांडण चाललं, आणि दुसरा कप पिईपर्यंतही. शेवटी दादा सरसाचा डबा गॅसवर ठेवायला उठले आणि काका फरशीच्या तुकड्यावर दोन नळ्यांतून सारखे दोन ठिपके काढायला बसले. डावा पंख दोन नळ्यांनी जोडला गेला. उजवा मोडला नव्हता, तो दादांनी मुद्दाम सोडवून सरसाने जोडला. ते विमान पुढे कधी सरळ उडालं नाही, असं ऐकते. दोघंही दोष दुसऱ्याच्या बाजूला देतात.

त्या वर्षीच काकांनी तिसऱ्या मजल्यावरची जागा सोडली आणि लालबागला राहायला गेले. आता तिथे वर एक तरुण जोडपं आहे. फार शांत. भुसा पडत नाही, वास येत नाही, सभेला त्यांचे हात खाली असतात. मला अजून सवय झालेली नाही.

आता तुमचं उत्तर. पुलाच्या सगळ्या बारीक जोडांना नीलचा पांढरा गोंद, दोन हात: पहिला हात पाजून वाळवायचा, दुसऱ्याने जोडायचं. रात्रभर हलवायचं नाही. टाचणीऐवजी क्षणभर धरून ठेवायला सईचा झटपट गोंद, थेंबभर, खिडकी उघडी ठेवून, बाबा समोर असताना. आणि जिथे पुलाचा सगळा भार येतो त्या मधल्या दोन जोडांना दोन नळ्यांचा. तो विमानाने पाठवता येत नाही, मी पोस्टात चौकशी केली. तो तिथेच घ्या. त्यावरच्या सूचना वाचा. दोन्ही नळ्या, सारख्या.

जागा सोडून जाताना काकांनी रिकाम्या नळ्यांवरच्या दोन्ही चिठ्ठ्या सोलून मला दिल्या होत्या. म्हणाले, आता कोण कुठला ते लिहून ठेवायची गरज नाही. त्या या पाकिटात आहेत. तुमच्या नळ्यांवर लावा. 'धाकटा' ही चिठ्ठी नीलला आहे तशीच चालेल. सईने तिच्या चिठ्ठीवरचा शेवटचा काना खोडून वेलांटी द्यावी. बाकी शुद्धलेखन बरोबर आहे.

तुमची,
आजी